उगाचची जाग

ऑफिसात त्याला सगळे दिवेमालव्या म्हणत, आणि नाव ठेवणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. मीटिंग संपून माणसं खुर्चीतून उठायच्या आत हा भिंतीवरच्या बटणापाशी हजर. एकदा तर साहेब आत फोनवर बोलत बसलेले असताना यानं बाहेरून दिवा घालवला आणि साहेबांनी उरलेलं बोलणं अंधारातच उरकलं. असा माणूस जगात एकाच कामाच्या लायकीचा, आणि नशिबानं त्याला नेमकं तेच काम मिळालं होतं. यंत्रांच्या पोटातली वीज वाचवायचं.

आता हे काम म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. कुठल्याही संगणकाच्या आत एक मुकादम बसलेला असतो, त्याला कर्नल म्हणतात. पडदा, माइक, स्पीकर, रेडिओ, बटणं ही सगळी त्याच्या हाताखालची माणसं. काम नसलं की मुकादमानं एकेकाला झोपवायचं आणि शेवटी स्वतः आडवं व्हायचं. काम आलं की आधी स्वतः उठायचं, मग एकेकाला हलवून उठवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण झोपवण्यापेक्षा उठवणं किती अवघड, हे ज्यांनी घरात पोरं वाढवलीत त्यांना सांगायला नको. कोणी उठतच नाही, कोणी उठतो पण काम विसरतो, कोणी न उठवताच उठून बसतो. दिवेमालव्याची उमेदीची वर्षं या उठवाउठवीत गेली होती आणि तो त्यात तयार होता, हे त्याच्या वैऱ्यानंही कबूल केलं असतं.

दिवे मालवायची सवय त्याला आत्यानं लावली. आईवडील कामासाठी दूर असत, म्हणून लहानपणापासून तो आत्याकडेच वाढला. आत्यानं लग्न केलं नाही. एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोनवर ती ऑपरेटर होती. दिवसभर कानाला यंत्र लावून बसायचं, आणि कोण कुणाला हाक मारतंय ते जोडून द्यायचं. त्यामुळे हाक मारायची कशी, याबद्दल तिची मतं फार कडक होती. बेल एकदाच वाजवायची. दोनदा वाजवतो तो उद्धट, आणि तीनदा वाजवतो त्याच्या घरी आग तरी लागलेली असावी. पलीकडचा माणूस हातातलं काम ठेवून येत असतो, त्याला यायला वेळ द्यायचा. बोट टेकवायचं, काढायचं आणि एक पाऊल मागे सरून उभं राहायचं. तिच्या ऑपरेटरच्या बोटांना जोर असा ठाऊकच नव्हता. ती कळ दाबत नसे, नुसतं बोट टेकवत असे.

यावरून एक गोष्ट झाली होती. हा शाळेत असताना एका मित्राच्या वाढदिवसाला गेला, दारावरची बेल एकदा दाबली, एक पाऊल मागे सरला आणि हातात भेट घेऊन उभा राहिला. उभाच राहिला. आतून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते आणि दार काही उघडेना. शेवटी तो रडत घरी आला. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, अरे वेड्या, नीट दाबलीच नसशील. आत्यानं तसं काही विचारलं नाही. ती म्हणाली, तू म्हणतोस दाबली, म्हणजे दाबली. बेल बिघडली असेल. मग चपला घालून ती त्याला परत घेऊन गेली आणि दारावर टकटक केली. बेल खरोखरच बंद होती.

हे लक्षात ठेवा. दिवेमालव्याला ते आठवायला फार उशीर झाला.

आत्या थकली, गुडघे गेले. याचं घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्टचा पत्ता नाही. मग तिनं स्वतःच वृद्धाश्रम निवडला. वरच्या मजल्यावरची खोली, खिडकीबाहेर एक झाड, भिंतीला टेकवलेली तिची आरामखुर्ची. तिथं प्रत्येकाच्या उशाशी एक बेल असे. साबणाच्या वडीएवढी डबी, मधे एक मोठं बटण. बटण दाबलं की खाली सिस्टरांच्या टेबलावर वाजायचं आणि डबीतूनच आवाज यायचा, "बोला." या डब्या दिवेमालव्याच्याच कंपनीनं बनवलेल्या, आणि त्यांतला कर्नल यानंच बसवलेला. आत्याला याचा कोण अभिमान. आल्यागेल्याला ती डबी दाखवून सांगायची, यात माझ्या भाच्याचं डोकं आहे. मग शेजारच्या खोलीतल्या बाई विचारायच्या, मग वाजते का?

सुरुवातीला वाजायची. पण बॅटरी लवकर संपते अशी ओरड झाली, म्हणून साहेबांनी फर्मान काढलं की एकदा भरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकली पाहिजे. दिवेमालव्यानं बाह्या सरसावल्या. आधी डबी नुसती डुलकी घेत असे. यानं तिला गाढ झोपवायला शिकवलं. खाली निरोप पोचवणारा रेडिओ बंद, स्पीकर बंद, बटणाकडे बघणारा भागसुद्धा बंद. जागा फक्त एक बारकासा पहारेकरी, वीज सांभाळणारी चिप. बटण हललं की तिनं मुकादमाला धक्का द्यायचा, एवढंच तिचं काम.

आणि घोडं इथंच अडलं. मुकादम डोळे चोळत उठेपर्यंत, बटणवाल्याला उठवेपर्यंत, बटणावरचं बोट निघून गेलेलं असायचं. बटणवाला बघायचा, बटण तर वर आहे. कुणीच दाबलेलं नाही. मग कशाला उठलो, म्हणून सगळे पुन्हा झोपायचे. नोंदीत काहीच यायचं नाही. जे लोक घाईनं दोनतीनदा दाबत, किंवा अंगठा रोवून धरत, त्यांची हाक पोचायची. म्हातारी माणसं बहुतेक तशीच दाबतात, चिडून, खिळा ठोकल्यासारखी. आत्या सोडून.

हे त्याला दिसलं कसं नाही, असं कुणीही विचारेल. दिसावं कसं? तो तपासायला बसला की पहिल्यांदा डबीला केबल लावायचा, आत काय चाललंय ते पडद्यावर दिसावं म्हणून. आणि केबल लागली की डबी गाढ झोपतच नाही. कुणीतरी जोडलेलं आहे म्हटल्यावर ती जागीच राहते. पाहुणे घरात असताना पोरं शहाण्यासारखी वागतात, त्यातलाच प्रकार. ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती असंही नाही. नवीन आलेल्यांना पहिल्याच दिवशी तो हे बजावायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

थोड्याच दिवसांत आत्या तक्रार करायला लागली. तक्रार तरी कसली, सहज बोलता बोलता म्हणाली की बेल दाबली तरी हल्ली कुणी येत नाही. यानं मोठ्या सिस्टरांना विचारलं. मोठ्या सिस्टर म्हणजे सगळा आश्रम चालवणारी बाई, कामानं पिचलेली पण मनानं वाईट नव्हे. त्या म्हणाल्या की तुमच्या आत्या दाबतच नाहीत हो, आमच्याकडे वाजतच नाही. मग यानं केबल लावली आणि आत्यादेखत बटण दाबलं. खाली लगेच वाजलं, डबीतून "बोला" आलं. त्यानं नोंदी उघडल्या. त्याची आत्ताची सोडली तर आत्याच्या नावावर कित्येक दिवसांत एकही हाक नव्हती.

"मी दाबते रे," आत्या म्हणाली. "एकदा दाबते आणि वाट बघते."

एकदा दाबते. बाईनं रोगही सांगितला आणि औषधही सांगितलं. पण हा पडद्याकडे बघत होता.

"आत्या, तू दाबलंच नाहीस," तो म्हणाला. "नोंदच नाही. तुला वाटतं दाबलं, पण यंत्र खोटं बोलत नाही."

आत्यानं एकदा पडद्याकडे बघितलं. मग म्हणाली, "असेल बाबा. तू बघितलंस म्हणजे तसंच असेल."

पुढची गोष्ट सांगायला माझीही जीभ रेटत नाही, पण सांगायलाच हवी. त्याच सुमारास दिवेमालव्याला दुसरं एक कोडं पडलं होतं. एका डबीची बॅटरी बाकीच्यांपेक्षा लवकर उतरत होती. त्या चिपकडे आपला एक वेगळा आकडा असतो, आपण किती वेळा उठवलं त्याचा. या डबीचा तो आकडा फुगलेला, आणि नोंदीत मात्र हाक एकही नाही. म्हणजे डबी विनाकारण उठते आणि झोपते. या धंद्यात त्याला उगाचची जाग म्हणतात, आणि धंद्यातल्या लोकांना तिचा फार राग. कुठं तार सैल असते, कुठं काही हलतं, आणि वीज फुकट जाते. ती डबी आत्याची होती. ते त्याला माहीत होतं. पण उशीखाली बटण चेपत असेल, असं त्यानं ठरवून टाकलं. एका हातात आत्याची तक्रार, दुसऱ्या हातात हा आकडा, आणि गड्यानं दोन हात एकत्र म्हणून आणले नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्यानं बंदोबस्त केला. बटण नुसतं हललं तर पहारेकऱ्यानं मुकादमाला उठवायचं नाही. जरा वेळ दाबून धरलं तरच उठवायचं. उगाचची जाग बंद झाली. बॅटरी सांगितल्यापेक्षाही जास्त टिकली. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. त्या दिवशी घरी जाताना तो शीळ घालत गेला, आणि ही शीळ त्याला पुढे फार छळणार होती.

आत्या पडली ती यानंतर. पहाटे तिला न्हाणीघरात जायचं होतं. तिनं बोट टेकवलं, वाट बघितली, अजून वाट बघितली आणि मग काठी घेऊन एकटीच निघाली. उंबऱ्याला पाय अडखळला. मनगट मोडलं, कपाळाला खोक पडली. सकाळी ती सिस्टरांना एवढंच सांगत राहिली की मी हाक मारली होती. मोठ्या सिस्टरांनी याला फोन केला. त्या अगदी जपून बोलल्या. आत्यांना आता न घडलेल्या गोष्टी घडल्यासारख्या वाटतात, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. त्यांना खालच्या मजल्यावर हलवावं असं चाललंय. पण बेलच्या नोंदी तुम्हालाच कळतात, तेव्हा एकदा बघून सांगा. त्या दाबत होत्या का?

त्यानं बघितलं, आणि नाही म्हणून सांगितलं. त्याच्या सांगण्यावर डॉक्टरांनी मत दिलं आणि तिला हलवायच्या कागदावर सहीसुद्धा यानंच केली. चोर सोडून संन्याशाला सुळी. आणि चोर यानंच बनवलेला.

खालचा मजला म्हणजे भान सुटलेल्यांचा मजला. तिथं दारं आतून उघडत नाहीत. दिव्यांची बटणं बाहेर, कारण लोक ती सारखी खटखटवत बसतात. बेल नाही, कारण सिस्टर तिथंच असतात आणि तिथल्या हाका सगळ्या मनावर घ्यायच्याही नसतात. आत्याला खिडकीजवळचा पलंग मिळाला, पण झाड दुसऱ्या बाजूला राहिलं. आरामखुर्ची आत नेता आली नाही. तिची डबी मोठ्या सिस्टरांनी पुसून, पिशवीत घालून कंपनीकडे परत पाठवली.

ही डबी महिनाभर त्याच्या टेबलावर पडून होती. मग साहेबांना बाहेरच्या लोकांपुढं बॅटरीची करामत मिरवायची होती, म्हणून आधीची आणि नंतरची अशा दोन डब्या शेजारी शेजारी मांडून दाखवायचं ठरलं. नंतरची म्हणून आत्याचीच डबी निघाली, आणि आधीची म्हणून दुसऱ्या एका डबीत त्या बंदोबस्ताच्या आधीचा जुना कर्नल घातला. मांडामांड करत होती बोर्डवाली. ही त्याच्या शेजारी बसणारी बाई, सर्किटं तिच्या ताब्यात. तोंडाची फटकळ, पण हाताची सोन्यासारखी. तिनं दोन्ही डब्यांना वीज मोजायचे मीटर लावले. दिवेमालव्या सवयीनं केबल घेऊन पुढे झाला, तर तिनं त्याला अडवलं. केबल लावलीस तर ती झोपेल कशी, आणि झोपली नाही तर दाखवायचं काय, असं ती म्हणाली. बरोबरच होतं. त्यानं केबल खाली ठेवली.

बोर्डवालीच्या एका हातात गरम चहाचा कप होता. दुसऱ्या हाताच्या एका बोटानं तिनं जुन्या डबीला नुसतं टेकवल्यासारखं केलं आणि चहाचा घोट घेत थांबली. मीटरचा काटा टणकन वर गेला आणि खाली आला. डबी वाजली नाही. मग तिनं आत्याच्या डबीला तसंच बोट टेकवलं. काटा जागचा हलला नाही.

"हे बघ," दिवेमालव्या म्हणाला, आणि आवाजात थोडी ऐट होतीच. "जुनी उगाच जागी होते. नवी होत नाही."

बोर्डवालीनं कप खाली ठेवला.

"उगाच कुठे?" ती म्हणाली. "मी दाबलं ना."

त्यानं स्वतः जुन्या डबीवर बोट टेकवलं, लहानपणी शिकवलं होतं तसं, आणि हात काढून घेतला. काटा वर गेला, खाली आला. पुन्हा टेकवलं. पुन्हा तेच. त्यानं नोंद उघडली. नोंदीत काही नव्हतं. मग त्याला चिपचा तो फुगलेला आकडा आठवला, आणि त्या आकड्यातली एकेक जाग म्हणजे काय होतं ते कळलं. आत्या खोलीत एकटी बसून बोट टेकवत होती, एक पाऊल मागे सरल्यासारखी थांबत होती. कुणी येत नव्हतं. आणि यानं काय केलं? तिची हाक बंद करून टाकली आणि त्याबद्दल शाबासकी घेतली. बोर्डवाली काहीतरी विचारत होती. हा उठून जिन्यात जाऊन बसला आणि हमसून हमसून रडला, चांगला पिकल्या केसांचा माणूस.

दुरुस्ती म्हणाल तर चार ओळींची. उठल्यावर मुकादमानं आधी पहारेकऱ्याला विचारायचं, मला कुणी उठवलं? पहारेकऱ्याला ते ठाऊक असतंच. कुणी विचारलंच नव्हतं. त्यानं त्या ओळी लिहिल्या, तो बंदोबस्त काढून टाकला आणि साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी नवा कर्नल सगळ्या डब्यांत गुपचूप घालायला लावला आणि विषय संपवला. बैल गेला आणि झोपा केला.

मग तो मोठ्या सिस्टरांकडे गेला. आत्याची डबी, जुनी डबी, मीटर, सगळं टेबलावर मांडून त्यानं दाखवलं. सिस्टरांना काट्यातलं काही कळलं नाही, पण माणसाच्या तोंडावरचं कळलं. त्या बराच वेळ कपाळाला हात लावून बसल्या. वरची खोली दुसऱ्यांना दिली होती, पण कोपऱ्यातली एक रिकामी होत होती. डॉक्टर पुन्हा तपासतील, त्या म्हणाल्या. फक्त त्यांनी आत्यांना विचारलं की आत्यांनी नीट सांगायला हवं, दाबत होते म्हणून. एवढं सांगितलं की झालं. त्यांच्या तोंडून आलं पाहिजे. तुमच्या सांगण्यावर एकदा झालंच आहे.

डॉक्टर आले त्या दिवशी तो सकाळीच जाऊन बसला. आत्या पलंगावर बसली होती, केस कुणीतरी घट्ट विंचरून दिलेले, मनगट अजून पट्टीत. याला बघून तिचा चेहरा उजळला. त्यानं तिला सगळं समजावलं. मुकादम, पहारेकरी, बटणवाला, सगळं. चूक माझी होती, तू दाबत होतीस, असं त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती आणि मधेच त्याच्या शर्टाची कॉलर नीट करत होती.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि साध्या शब्दांत विचारलं की आजी, वरच्या खोलीत असताना तुम्ही बेल दाबत होतात का?

आत्यानं आधी भाच्याकडे बघितलं.

"नाही हो," ती म्हणाली. "मला वाटायचं, दाबते आहे म्हणून. पण मी दाबत नव्हते. यानं बघितलंय यंत्रात."

"आत्या, ते चुकलं होतं," तो म्हणाला. "यंत्र चुकलं. मी चुकलो. तू दाबत होतीस. आठव ना."

"माझ्यासाठी खोटं बोलू नकोस रे," आत्या म्हणाली. ती रागावली नव्हती. शाळेतून खोटी सबब घेऊन आलेल्या पोराला समजवावं, तसं तिनं त्याच्या हातावर थोपटलं. "म्हातारपणी होतं असं. त्यात लाजायचं काय?"

डॉक्टर दोघांकडे बघत राहिले. मग त्यांनी, पुन्हा कधीतरी बघू, असं म्हणून पेन खिशाला लावलं. झोपलेल्याला उठवता येतं. पण जी जागी होती तिलाच, तू झोपली होतीस, असं याच्यासारख्यानं पटवून दिल्यावर कुणी काय करावं?

डॉक्टर गेल्यावर त्यानं खिशातून तिची डबी काढली. दुरुस्त केलेली. ती तिच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला की एकदा बोट टेकव, फक्त एकदा, आणि बघ खाली कसं वाजतं ते. आत्यानं डबी उलटसुलट करून बघितली. तिचा अंगठा बटणावरून नुसताच फिरला. मग तिनं ती पदरानं पुसली आणि त्याच्या हातात परत दिली.

"घेऊन जा ही," ती म्हणाली. "माझ्याकडून चुकून दाबली जायची, आणि उगाच तुझी बॅटरी खर्च व्हायची."